‘कमकुवत’ गाण्यांचा इतिहास : मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली दोन रॉक गाणी आणि रसिकांचे निवाडे

प्रास्ताविक

लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने यशाचा इतिहास लिहिला जातो. गाजलेली गाणी, विक्रमी खप, सुवर्णमहोत्सव आणि सन्मान यांची नोंद होते. रसिकांच्या बोलण्यात मात्र याखेरीज आणखी एक विषय हटकून असतो. आपल्या लाडक्या कलावंताची पडेल गाणी कोणती, हा तो विषय. या वादात बाहेरच्याला फारसा भाव नसतो. ज्याने सर्व काही ऐकले आहे, तबकडीची दुसरी बाजूही झिजवली आहे, त्यालाच अमुक गाणे नसते तरी चालले असते असे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. हे निवाडे प्रेमापोटी दिलेले असल्याने इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी बीटल्स आणि लेड झेपेलिन या दोन ब्रिटिश रॉक समूहांची प्रत्येकी एक रचना घेतली आहे. दोन्ही रचना चाहत्यांच्या क्रमवारीत वरच्या पायरीवर कधी बसल्या नाहीत, आणि दोन्ही रचनांचे ध्वनिमुद्रण मुंबईतील वादकांना घेऊन झाले. पहिलीचे 1968 साली आणि दुसरीच्या नव्या रूपाचे 1972 साली. या योगायोगामागे काही कारण आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

विषयाची निवड वैयक्तिक आहे हे मान्य केले पाहिजे. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखक वसईहून चर्चगेटपर्यंत रोजचा प्रवास करीत असे. विरार लोकलच्या डब्यात एका टोकाला भजनी मंडळाचे टाळ-मृदंग सुरू असत आणि दुसऱ्या टोकाला आम्ही चार-पाच मित्र बीटल्सच्या गाण्यांना गुण देत असू. ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे कंटाळवाणे आहे यावर आमचे एकमत होते. ‘द इनर लाइट’ आमच्यापैकी निम्म्यांनी पूर्ण ऐकलेच नव्हते. संगणकावर पुढच्या गाण्याकडे जाण्यास एक बोट पुरते, आणि ते बोट आम्ही सढळपणे वापरीत होतो. हे दुसरे गाणे आमची गाडी जिथे थांबत असे त्या चर्चगेटपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, फोर्टात ध्वनिमुद्रित झाले आहे, हे फार पुढे, एम.फिल.च्या वाचनात समजले. आपण कोणत्या कानाने ते गाणे नापास केले होते, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

रसिकांचा निवाडा : आपली जुनी परंपरा

गाण्यांची अशी छाननी पाश्चात्त्य चाहत्यांनी शोधून काढलेली नाही. मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ती पहिल्यापासून आढळते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि 1882 साली ‘संगीत सौभद्र’. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. आज होणाऱ्या प्रयोगांत त्यांतील मोजकीच गायिली जातात. उरलेली पदे कोणी एका समितीने गाळली नाहीत. प्रयोगागणिक, गावागणिक, ज्या पदाला ‘वन्समोअर’ मिळत नाही ते आखडत गेले आणि शेवटी सुटले. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवण्याची गरजही त्यामागे होतीच. म्हणजे पद ‘पडले’ त्याचे कारण चाल सामान्य होती हेच असेल असे नाही. ते पद म्हणणारे पात्र दुय्यम असेल, त्या जागी प्रेक्षक चहाला उठत असतील, किंवा शेवटची आगगाडी गाठायची असेल. गाळलेल्या पदांची कारणे कोणी लिहून ठेवली नाहीत. उरलेल्या पदांचा मात्र गौरवग्रंथ होतो.

निवाडा वरून लादला गेल्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ 1952 साली केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीते हलक्या अभिरुचीची ठरवून आकाशवाणीवर त्यांची कोंडी केली. परिणाम उलटा झाला. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. 1957 साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, ती याच पार्श्वभूमीवर. रेडिओ सिलोनवर हिंदी गीतांबरोबर इंग्रजी गाणीही लागत, आणि मुंबईच्या ज्या पिढीने पुढे गिटार हाती घेतली तिच्या कानावर रॉक संगीत पडले ते बऱ्याच अंशी याच मार्गाने. शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी घेतलेल्या निर्णयाचा रॉकला असा हातभार लागावा, यातील गंमत केसकरांना रुचली नसती.

बीटल्सची गाणी मुंबईत 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरही मिळत. चावीचा ग्रामोफोन घरोघर असलेल्या या देशात ग्रामोफोन कंपनीने 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही जुनी बनावट चालू ठेवली. या तबकड्या आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. तबकडीच्या प्रत्येक बाजूला एक गाणे, म्हणजे गाजलेले गाणे विकत घेताना मागचे न गाजलेले गाणेही घरी येई आणि पैसे वसूल करायचे म्हणून ऐकलेही जाई. अनेकदा ऐकल्याने ते आवडूही लागे. पुढे ध्वनिफितीच्या काळात नको ते गाणे वगळायचे म्हणजे फीत पळवावी लागे, नेम चुकला तर पुढचे आवडते गाणे अर्धे निघून जाई. मग माणूस आळसाने का होईना, ऐकत बसे. ‘कमकुवत’ गाण्यांचे आयुष्य वाढवण्यात या आळसाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

फोर्टातील पाच दिवस

बीटल्सची अधिकृतपणे प्रकाशित गाणी दोनशेहून थोडी अधिक आहेत. त्यांतील पडेल गाण्यांची यादी मागितली तर चाहत्यांकडून ठरावीक नावे येतात. 1964 च्या ‘बीटल्स फॉर सेल’मधील ‘मिस्टर मूनलाइट’, 1968 च्या पांढऱ्या वेष्टनाच्या जोडअल्बममधील ‘वाइल्ड हनी पाय’ आणि आठ मिनिटांहून लांबलेले ‘रेव्होल्यूशन 9’, 1969 च्या ‘ॲबी रोड’मधील ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’. यांपैकी शेवटच्या गाण्याचा कंटाळा खुद्द समूहातील इतर तिघांनाही आला होता. तीस गाण्यांचा जोडअल्बम काटछाट करून एकाच तबकडीचा करायला हवा होता, असे त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचेच मत होते. त्यातील कोणती गाणी ठेवायची यावर चाहते अर्धे शतक भांडत आहेत. ती गाणी बहुतांशी त्याच वर्षी ऋषिकेशच्या मुक्कामात रचली गेली, हे आपल्याकडे सर्वज्ञात आहे.

या याद्यांत जॉर्ज हॅरिसनच्या भारतीय वळणाच्या गाण्यांची एक वेगळी खोली असते. ती तीन आहेत. 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील ‘लव्ह यू टू’, 1967 च्या ‘सार्जंट पेपर’मधील ‘विदिन यू विदाउट यू’ आणि 1968 मधील ‘द इनर लाइट’. पहिल्यात तबला अनिल भागवत यांचा आहे आणि त्यांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलेले आहे. दुसरे पाच मिनिटांहून थोडे अधिक चालते. त्यात हॅरिसनखेरीज बीटल्सपैकी कोणीही नाही, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलशी संबंधित भारतीय वादक आहेत. अल्बमच्या दुसऱ्या बाजूचे ते पहिलेच गाणे असल्याने तबकडी उलटून सुई थोडी आत ठेवणाऱ्यांची एक पिढीच होती. या गाण्याच्या शेवटी हॅरिसनने हशाचा आवाज जोडला आहे. श्रोता काय म्हणेल याची त्याला कल्पना असावी.

तिसऱ्या गाण्याची हकिकत आपल्या शहराची आहे. हॅरिसन 1966 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात राहिला होता आणि रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेत होता. 1968 च्या जानेवारीत तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टातील फिरोजशहा मेहता मार्गावर युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता. 9 जानेवारीपासून पुढचे काही दिवस तिथे काम चालले. स्टुडिओत तेव्हा एकमार्गी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था होती. द्विमार्गी यंत्र ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवले. हेच मेनन पुढे ईएमआयच्या जागतिक संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. आवाजबंदीही पुरती नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की टॅक्सींचा आणि जिने उतरणाऱ्या गर्दीचा आवाज आत येत असे, अशी आठवण हॅरिसनने पुढे सांगितली आहे.

चित्रपटाचे काम आटोपल्यावर 12 जानेवारीला त्याच वादकांपैकी काहींना घेऊन त्याने आणखी एका गाण्याचा वाद्यांचा भाग मुद्रित केला. केंब्रिजमधील संस्कृतचे अभ्यासक ह्वान मास्कारो यांनी ‘ताओ ते चिंग’मधील एका प्रकरणाकडे त्याचे लक्ष वेधले होते. शब्द तिथून आले. सरोद, शहनाई, पखवाज, बासरी आणि हार्मोनियम अशी वाद्ये आहेत. वादकांत आशिष खाँ, महापुरुष मिश्र, हरिप्रसाद चौरसिया, हनुमान जादेव आणि रिजराम देसाद यांची नावे सांगितली जातात. द्रुत वाद्यभाग आणि संथ गायनभाग आलटूनपालटून येतात आणि अडीच मिनिटांच्या आसपास सर्व संपते. फेब्रुवारीत लंडनला गायन भरले गेले आणि 15 मार्च 1968 रोजी ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या मागील बाजूवर ते प्रकाशित झाले. बीटल्सच्या एकगाणी तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिली वेळ. वादकांची नावे तबकडीवर नव्हती. अल्बमच्या रूपात हे गाणे मिळण्यास श्रोत्यांना दहा वर्षे थांबावे लागले.

आता प्रश्न असा की या गाण्यात कमकुवत काय आहे? चाहत्यांची उत्तरे पाहिली तर ती बहुधा नकारार्थी असतात. यात गिटार नाही, ढोल नाहीत, चौघांचे एकत्र गाणे नाही, स्वरसंवादाची वळणे नाहीत. ‘विदिन यू’बद्दलही असेच म्हटले जाते, वर एक स्वर सतत गुणगुणत राहतो म्हणून ते ‘कुठे जात नाही’ अशी तक्रार असते. षड्जाचा भरणा कानाला परका असेल तर ही तक्रार स्वाभाविक आहे. परंतु ज्या श्रोत्याच्या घरी पहाटे तंबोरा किंवा निदान पेटीचा सूर लागतो त्याने ती करावी हे विचित्र आहे. आमच्या डब्यातील भजनी मंडळ विरारपासून अंधेरीपर्यंत एकच सूर धरून असे. तो आम्हाला कधी कंटाळवाणा वाटला नाही, कारण त्याचे मूल्यमापन आम्ही त्या यादीत करीत नव्हतो. ‘विदिन यू’मधील स्वरसमूह खमाज थाटाशी जुळतो आणि मधल्या वाद्यभागात दहा मात्रांचे आवर्तन आहे. गेरी फॅरेल यांनी भारतीय संगीत आणि पश्चिम यांच्या संबंधावरील 1997 च्या आपल्या ग्रंथात या रचनांचा सविस्तर विचार केला आहे. झपतालाशी ओळख असलेल्या मुंबईकराला ती दहा मात्रांची चाल हाताच्या बोटांवर मोजता आली असती. मोजली नाही, हे खरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभिजात संगीताच्या जाणकारांनी ही गाणी डोक्यावर घेतली असे मुळीच नाही. 1965 च्या ‘नॉर्वेजियन वुड’मधील सतार ऐकून रविशंकर यांना ती विचित्र वाटली होती. अडीच मिनिटांत आलाप कुठला आणि बढत कुठली, हा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. अशा रीतीने ‘द इनर लाइट’ एकाच वेळी दोन परीक्षांना बसले आणि दोन्हींत कमी पडले. रॉकच्या परीक्षेत ते भारतीय होते म्हणून आणि रागसंगीताच्या परीक्षेत ते गाणे होते म्हणून. अशोक दा. रानडे यांनी आपल्या संगीताचे जे कोटिक्रम मांडले त्यांत कलासंगीत आणि जनसंगीत यांच्या कसोट्या वेगळ्या ठेवण्याचा आग्रह आहे. हे गाणे कोणत्या कोटीत बसवायचे हे ठरल्याखेरीज त्याला गुण देणे म्हणजे भूगोलाची उत्तरपत्रिका इतिहासाच्या शिक्षकाने तपासण्यासारखे आहे. आपल्या परीक्षा विभागात असे प्रसंग येतात, आणि विद्यार्थी नापास होतो हे आपण जाणतो.

मात्र सर्वच निवाडे उलटवावेत असा माझा आग्रह नाही. ‘वंडरवॉल’च्या अल्बममधील मुंबईचे कित्येक तुकडे खरोखर त्रोटक आहेत. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, एस. आर. केंकरे यांची बासरी, शंभू दास यांची सतार असा दर्जेदार ताफा हाताशी असताना काही ठिकाणी वातावरणनिर्मितीपलीकडे काही घडत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एचएमव्हीनेच ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली होती. तिचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतील लोकप्रिय गायक. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांना त्या तबकडीत जो अवकाश मिळाला तो ‘वंडरवॉल’मध्ये नाही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास हॅरिसन विद्यार्थी आहे हे लपत नाही. तरीही त्या अल्बमच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावे आहेत, आणि जास्त खपलेल्या एकगाणी तबकडीवर ती नाहीत, हा फरक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

चार काठ्या

दुसरे उदाहरण लेड झेपेलिनचे. नोव्हेंबर 1971 मध्ये आलेला त्यांचा चौथा अल्बम रॉकच्या इतिहासातील सर्वाधिक ऐकलेल्या अल्बमांपैकी एक आहे. त्यात आठ गाणी आहेत. आठांतील सर्वांत कच्चे कोणते, या प्रश्नावर चाहत्यांत जे उत्तर सर्वाधिक येते ते ‘फोर स्टिक्स’. ढोलवादक जॉन बॉनम याने प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या घेऊन ते वाजवले म्हणून हे नाव. पाच आणि सहा मात्रांचे गट त्यात आलटूनपालटून येतात. समूहाने हे गाणे जाहीर मैफलीत एकदाच, 1971 च्या मेमध्ये कोपनहेगनला वाजवल्याची नोंद आहे. म्हणजे चाहत्यांनी नापसंत करण्यापूर्वी ते समूहानेच बाजूला ठेवले होते असे वाटावे.

परंतु 1972 साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले तेव्हा इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रित करण्यासाठी त्यांनी जी दोन गाणी निवडली त्यांत ‘फोर स्टिक्स’ होते. दुसरे 1970 च्या तिसऱ्या अल्बममधील ‘फ्रेंड्स’. ‘स्टेअरवे टू हेवन’ नाही, ‘ब्लॅक डॉग’ नाही. जगाला आवडलेली गाणी त्यांनी जगासाठी ठेवली आणि जिथे मात्रा मोजण्याची रीतच निराळी आहे तिथे मात्रांचे गाणे आणले. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या लहानशा डिस्कोथेकमध्ये दोघांनी वाजवल्याची आठवण त्या पिढीतील मुंबईकर अजून सांगतात. स्टुडिओतील काम मात्र बाहेर आले नाही. चोरट्या प्रतींतून ते संग्राहकांत फिरत राहिले आणि 2015 साली ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. ‘फोर स्टिक्स’चे नाव त्यात ‘फोर हँड्स’ असे आहे. त्रेचाळीस वर्षे ही फीत कपाटात होती.

ती ऐकताना माझे मत संमिश्र होते. ‘फ्रेंड्स’ उत्तम जमले आहे. ‘फोर हँड्स’मध्ये गट बदलतो त्या जागी वाद्यवृंद किंचित चाचपडतो असे वाटते, आणि बॉनमच्या काठ्यांचा धसमुसळा जोर तबल्यात येत नाही. पण ज्या सूरावटीला मूळ गाण्यात ढोलाखाली दबून राहावे लागले ती इथे मोकळी ऐकू येते. मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांना दिवसभरात निरनिराळ्या ढंगांचे काम अल्पसूचनेवर करण्याची सवय होती. ग्रेगरी बूथ यांनी 2008 मध्ये चित्रपट वाद्यवृंदांचा जो मौखिक इतिहास प्रसिद्ध केला त्यात या कारागिरीचे तपशील आहेत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे संयोजक नोटेशन लिहीत आणि ऐकून वाजवणारे व वाचून वाजवणारे अशा दोन्ही प्रकारच्या वादकांना एकत्र बसवीत. वसईच्या वाचकाला हे नवे नाही. चर्चमधील गायनवृंदात आणि लग्नाच्या बँडमध्ये ही दोन्ही प्रकारची माणसे आपल्याकडे शेजारी उभी असतात.

1994 साली पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी इजिप्तचे वादक आणि लंडनचा वाद्यवृंद घेऊन हीच दोन गाणी पुन्हा सादर केली. बावीस वर्षांनी तीच निवड करणाऱ्याच्या लेखी ते गाणे अपुरे असेल, टाकाऊ नसावे.

मुंबईचा श्रोता

या दोन्ही प्रसंगांच्या वेळी मुंबईत रॉकचा श्रोता नव्हता असे नाही. कलकत्त्याहून निघणारे ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे साप्ताहिक 1967 पासून दहा वर्षे या तरुणांचे मुखपत्र होते. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धा होत होत्या आणि 1970 व 1971 साली त्यांच्या तबकड्याही निघाल्या. सिद्धार्थ भाटिया यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात या पिढीची हकिकत सांगितली आहे. पुढे 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले आणि धोबी तलावाजवळचे रंगभवन हे या संगीताचे माहेरघर बनले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते बंद पडेपर्यंत आपल्या भागातील कितीतरी मुले शेवटची विरार गाडी गाठण्याची कसरत करीत तिथे हजेरी लावीत.

या रंगमंचावर बराच काळ इतरांची गाणी हुबेहूब वाजवण्याला मान होता. आपल्या वादकाने मूळ तबकडीतील गिटारचा तुकडा स्वरन् स्वर उतरवला की टाळ्या पडत. रॉक मशीन या मुंबईच्या समूहाने 1988 साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा ते धाडस मानले गेले. या रीतीचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. दोन गिटार, एक बास आणि ढोल असलेल्या समूहाला ‘द इनर लाइट’ वाजवताच येत नाही. जे वाजवता येत नाही ते मागितले जात नाही, आणि जे मागितले जात नाही ते हळूहळू कमकुवत ठरते. शहनाई, सरोद आणि पखवाज वाजवणारी माणसे याच शहरात, काही तर गिरगाव-दादर परिसरात होती. पण ती दुसऱ्या सभागृहात वाजवीत आणि त्या सभागृहाचा श्रोता निराळा होता. शहर एक, आणि दोघांची एकमेकांच्या ‘पडेल’ गाण्यांशी ओळख नाही. लंडनच्या चाहत्याने ही गाणी नापसंत केली तेव्हा त्याने निदान स्वतःच्या कानाचा कौल दिला. आम्ही मात्र त्याचा कौल उसना घेतला, आणि तो घेताना आपल्या कानाला विचारले नाही.

या उसन्या कौलाची किंमत काय, हा प्रश्न साधनांच्या बाबतीत सर्वांत गंभीर होतो. गाजलेल्या गाण्याच्या प्रत्येक ठोक्याची चौकशी झाली आहे. मार्क ल्युइसन यांनी ईएमआयच्या दप्तरातून बीटल्सच्या लंडनमधील ध्वनिमुद्रणांचा दिवसवार वृत्तान्त 1988 साली प्रसिद्ध केला. फोर्टातील त्या दिवसांविषयी तितके बारीक तपशील मराठीत सोडाच, इंग्रजीतही नाहीत. कोणत्या तुकड्यात कोणी वाजवले याबाबत याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. हनुमान जादेव आणि रिजराम देसाद ही नावे जगभरच्या चाहत्यांच्या वहीत आहेत, पण मराठी संगीतविषयक लेखनात मला ती क्वचितच भेटली. गाणे महत्त्वाचे नाही असे एकदा ठरले की वादकाची मुलाखत घ्यायला कोणी जात नाही, आणि माणसे थांबत नाहीत. आशिष खाँ 2024 साली गेले. शिवकुमार शर्मा 2022 मध्ये.

लंडनकडील कौल मधल्या काळात बदलला आहे. हॅरिसनच्या निधनानंतर वर्षाने, 29 नोव्हेंबर 2002 रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिमैफलीत जेफ लिन यांनी ‘द इनर लाइट’ गायिले आणि अनुष्का शंकर यांनी सतारीची साथ केली. 2014 साली ‘वंडरवॉल’च्या नव्या आवृत्तीबरोबर या गाण्याचे गायनाविना, केवळ वाद्यांचे एक पर्यायी रूपही प्रसिद्ध झाले. चाहत्यांच्या नव्या याद्यांत ते काही पायऱ्या वर सरकलेले दिसते. उद्या आमच्याकडेही ते वर सरकेल. पण लंडनने वर सरकवले म्हणून सरकले तर त्यात आपले काय, अशी शंका राहते.

यंदा पदवीच्या वर्गात स्थानिक इतिहासाच्या तासाला मी ते केवळ वाद्यांचे रूप ऐकवले, कोणाचे आहे ते न सांगता. वर्गातील एका मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्याने शहनाईकडे बोट दाखवून ‘हा माणूस घाईत आहे’ असे म्हटले. एका मुलीला ते मराठी चित्रपटातील वाटले. बीटल्सचे नाव कोणी घेतले नाही आणि कमकुवत हा शब्दही कोणी वापरला नाही. नाव सांगितल्यावर दोघांनी लगेच भ्रमणध्वनीवर त्याचा क्रमांक शोधला. तास संपल्यावर मी ते पुन्हा एकदा, या वेळी कानाला यंत्र लावून ऐकले. साडेपाचला सुटलेल्या कचेऱ्यांचा आवाज कुठे सापडतो का ते पाहायचे होते. मला तो सापडला नाही. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 पासून जात होती, तेव्हा जिने उतरणाऱ्या त्या गर्दीत चर्चगेटकडे निघालेली आपल्याकडची माणसेही असणार. त्यांच्यापैकी कोणी वरच्या मजल्यावरून येणारा शहनाईचा सूर ऐकून क्षणभर थबकले होते का, हे विचारायला अजून काही जण हयात असतील.